पॅट्रिक गेडिस : शहराची नाडी पाहणारे प्राध्यापक

घरात कुणाला क्षयरोग झाल्याचे कळले की नातेवाईक आधी औषधांबद्दल विचारतात, मग खाण्यापिण्याबद्दल, आणि हमखास भांडी वेगळी ठेवायची का हे विचारतात. रुग्ण ज्या खोलीत झोपतो तिला खिडकी आहे का, ती उघडते का, तिथे आणखी किती जण झोपतात, हे मात्र आम्हा डॉक्टरांनाच विचारावे लागते. खरे तर महत्त्व याच प्रश्नांना जास्त आहे. क्षयाचे जंतू भांड्यांतून पसरत नाहीत. ते खोकल्यातून हवेत जातात आणि बंद, कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असतील तर वाऱ्याने ते विरळ होतात, आणि उन्हात फार काळ टिकत नाहीत.

आजाराची मुळे रुग्णाच्या शरीराबरोबर त्याच्या घरात आणि गल्लीतही शोधावी लागतात, हे ज्यांनी आयुष्यभर हिंडून दाखवले त्यांपैकी एक म्हणजे स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. ते डॉक्टर नव्हते. होते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आणि नावापुढे लावायला एकही पदवी त्यांनी पुरी केलेली नव्हती. नगररचनेच्या अभ्यासात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र थोड्याच लोकांना ठाऊक असते की मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होते. विद्यापीठाने भोवतालच्या गावासाठी काय करावे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर रुग्णांच्या कामाचे आहे, म्हणून ही ओळख.

अंधाऱ्या खोलीतले दिवस

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पर्थ या शहराबाहेरच्या टेकडीवरच्या घरात आणि बागेत बालपण गेले. झाडेझुडपे, दगड, पक्षी यांचा नाद तिथेच लागला. शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली, पण मन रमले नाही. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेले आणि आठवड्याभरात परत आले, कारण तिथे जिवंत झाडापेक्षा वाळवलेल्या झाडाचा अभ्यास अधिक होता. मग १८७४ मध्ये लंडनला जाऊन त्या काळचे मोठे जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली ते शिकले. पुढे लंडनमध्येच शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांची चार्ल्स डार्विन यांच्याशी भेट झाली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्री जिवांवर संशोधन केले, आणि पॅरिसमध्ये फ्रेडरिक ले प्ले यांच्या विचारांची ओळख झाली. माणूस समजून घ्यायचा तर तो राहतो ती जागा, करतो ते काम आणि त्याचे कुटुंब एकत्र पाहावे, असा ले प्ले यांचा आग्रह होता. गेडिस यांनी तो जन्मभर सोडला नाही.

१८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. वय पंचविशीच्या आसपास, आणि सगळे भवितव्य सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर अवलंबून. त्या काळच्या उपचाराप्रमाणे त्यांना कित्येक आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत ठेवण्यात आले. करण्यासारखे काहीच नव्हते. एके दिवशी भिंत चाचपडताना हाताला खिडकीची तावदाने लागली. चौकटीतले ते चौकोन बोटांनी मोजता मोजता त्यांना सुचले की प्रत्येक चौकोनात एकेक विषय ठेवून त्यांचे परस्परांशी असलेले नाते मनात मांडता येईल. पुढे कागदाला घड्या घालून ते असेच चौकोन करत आणि त्यांत विचार मांडत.

दृष्टी परत आली, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात पाहण्याचे काम पूर्वीसारखे जमेना. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला आपले जुने काम बदलावे लागते हे आम्ही नेहमी पाहतो. बहुतेकांना तो पराभव वाटतो. गेडिस यांची नजर पेशीवरून गावाकडे वळली ती याच काळात.

जेम्स कोर्टमधला संसार

१८८० पासून ते एडिंबरा विद्यापीठात शिकवू लागले. हे शहर दोन भागांत विभागलेले होते. अठराव्या शतकात नवे शहर वसले आणि पैसेवाले लोक तिकडे गेले. किल्ल्याच्या उतारावरचे जुने शहर गरिबांसाठी उरले. तिथे सहासहा, आठआठ मजल्यांच्या दगडी इमारती, त्यांत एकेका खोलीत एकेक कुटुंब, अंधारे जिने आणि बोळात साचलेली घाण असे चित्र होते. १८६१ मध्ये अशी एक जुनी इमारत रात्री कोसळली आणि ३५ माणसे दगावली. त्यानंतर शहराने डॉ. हेन्री लिटलजॉन यांना आरोग्य अधिकारी नेमले. १८६५ मध्ये त्यांनी वस्तीवस्तीतली गर्दी, पाणी, सांडपाणी आणि मृत्यू यांचा तपशीलवार अहवाल दिला. मग पाडापाडी सुरू झाली आणि रुंद रस्ते निघाले. पाडलेल्या घरांतले गरीब लोक शेजारच्या बोळांत जाऊन दाटीवाटीने राहू लागले, म्हणजे इथला आजार तिथे गेला.

१८८६ मध्ये गेडिस यांचा अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. अ‍ॅनाबाई लिव्हरपूलच्या व्यापारी घराण्यातल्या, संगीताच्या जाणकार आणि गरीब मुलींसाठी काम केलेल्या. नव्या शहरातल्या चांगल्या घरात राहणे दोघांना सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या कोंदट चौकात बिऱ्हाड थाटले. एके काळी तिथे विद्वान राहत असत. आता ती मोडकळीला आलेली वस्ती होती. नातेवाइकांना हे पसंत नव्हते, आणि अ‍ॅनाबाईंना त्यांची पहिली मुलगी नोरा हिच्या बाळपणाचे दिवस तिथेच काढायचे होते.

तिथे त्यांनी केलेले काम अगदी साधे होते. स्वतः झाडू घेतला, चुन्याची पिशवी आणली, भिंतींना पांढरा हात दिला. शेजाऱ्यांना हाताशी घेतले. खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या बसवल्या. जी इमारत अगदीच धोक्याची होती आणि जिच्यामुळे बाकीच्यांचा उजेड अडत होता, तेवढी पाडून चौकात ऊन येऊ दिले. बाकीच्या दुरुस्त केल्या. लोकांना हलवले नाही.

चुना आणि ऊन यांचे महत्त्व वैद्यकीय दृष्टीने सांगतो. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता. त्यावरचे औषध यायला मात्र आणखी साठ वर्षे होती. तोवर रुग्णाच्या आणि त्याच्या मुलाबाळांच्या हाती हवा, ऊन, अन्न आणि विश्रांती एवढेच होते. योगायोग असा की १८८७ मध्ये याच परिसरात, जेम्स कोर्टपासून चालत काही मिनिटांवर, डॉ. रॉबर्ट फिलिप यांनी क्षयरुग्णांसाठी दवाखाना काढला. रुग्णाला तपासून सोडून न देता त्याच्या घरी परिचारिका पाठवायची, घरातल्या इतरांना तपासायचे, झोपण्याची व्यवस्था पाहायची, ही पद्धत तिथून जगभर गेली. आज क्षयाचे निदान झाल्यावर आरोग्य कर्मचारी आपल्या दारी येऊन घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात, तेव्हा काही जणांना ते अपमानाचे वाटते. ती चौकशी घरातल्या लहान मुलांना वाचवण्यासाठी असते.

विद्यार्थ्यांनी गावात राहायचे

दोन माणसांनी एक चौक झाडून शहर सुधारत नाही, हे गेडिस यांना दिसत होते. विद्यापीठ तिथून हाकेच्या अंतरावर होते. हजारो तरुण, त्यांत वैद्यकीचे विद्यार्थी पुष्कळ, जुन्या शहरातून रोज ये-जा करत आणि मिळेल त्या खोलीत एकेकटे राहत. गरिबांशी त्यांचा संबंध रुग्णालयातल्या खाटेपाशी येई तेवढाच. गेडिस यांनी १८८७ मध्ये जुन्या शहरातली काही घरे दुरुस्त करून तिथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. स्कॉटलंडमधले हे अशा प्रकारचे पहिले वसतिगृह. वर कुणी अधीक्षक नाही. विद्यार्थ्यांनीच कारभार पाहायचा, हिशेब ठेवायचा आणि शेजारच्या वस्तीशी संबंध ठेवायचा.

हळूहळू घरे वाढली. किल्ल्याजवळ रॅम्से गार्डन ही इमारत १८९० नंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. विद्यापीठातली कुटुंबे पुन्हा जुन्या शहरात राहायला यावीत हा तिचा उद्देश होता. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न कायमचाच. गेडिस कर्ज काढत, अ‍ॅनाबाईंना माहेरून मिळालेले पैसे घालत आणि हिशेबाकडे दुर्लक्ष करत. शेवटी मित्रांनी १८९६ मध्ये एक कंपनी काढून ही मालमत्ता तिच्या ताब्यात घेतली. तिच्या नावातच नगर आणि विद्यापीठाचा झगा हे दोन्ही शब्द होते. शहर आणि विद्यापीठ यांनी भागीदारीत घरे सुधारावीत आणि त्यात पैसे घालणाऱ्याला माफक परतावाही मिळावा, अशी ती कल्पना. आज जगातली अनेक विद्यापीठे आपल्या शहरांशी असे करार करतात. तेव्हा हे नवे होते.

त्याच भागातली एक जुनी वेधशाळा त्यांनी १८९२ मध्ये घेतली आणि तिला आउटलुक टॉवर असे नाव दिले. छतावर आरशांची अशी योजना होती की भोवतालचे जिवंत शहर आतल्या पांढऱ्या मेजावर उमटे. खालच्या मजल्यांवर क्रमाने शहर, देश, युरोप आणि जग यांची माहिती मांडलेली. गेडिस पाहुण्यांना जिना भरभर चढायला लावत. धाप लागली, रक्त उसळले की नजर अधिक ताजी होते असे त्यांचे मत होते. (हृदयविकाराच्या रुग्णांनी हा प्रयोग करू नये.) वरून सगळे पाहून झाल्यावर एक लहानशी, जवळजवळ रिकामी खोली होती. तिथे खुर्चीवर बसून पाहिलेल्याचा विचार करायचा. मेक्सिकोतल्या त्या खोलीची आठवण इथे येतेच.

या टॉवरमधल्या मंडळींनी पुढे जुन्या शहरातल्या पडीक जागांची मोजणी केली. गच्च भरलेल्या, श्वास घ्यायला जागा नाही असे सगळे म्हणत त्या वस्तीत लहानमोठे मिळून ७६ मोकळे तुकडे निघाले, एकूण सुमारे दहा एकर. त्यांतल्या काहींवर बागा झाल्या. त्या कामात मोठी झालेली नोरा पुढे होती. वस्तीतली मुले तिथे खेळू लागली आणि काही बागा आजही आहेत. आपल्या गल्लीतही एखादी अशी जागा असते, जिच्यावर राडारोडा पडलेला असतो आणि जी कुणाचीच नसते.

१८८८ पासून डंडी शहरातल्या कॉलेजात त्यांना वनस्पतिशास्त्राचे अध्यापकपद मिळाले होते. ते वर्षातले काही महिनेच शिकवायचे होते, म्हणून उरलेला वेळ एडिंबराला देता आला. ही नोकरी त्यांनी १९१९ पर्यंत केली.

आधी तपासणी, मग कुऱ्हाड

गेडिस यांच्या पद्धतीत वैद्यकाचे शब्द वारंवार येतात. शहरात काही बदल करण्याआधी त्याची तपासणी करायची. घरे, झाडे, विहिरी, कामधंदे, सणवार, मिरवणुकीचे रस्ते, मृत्यूंची नोंद, सगळे पायी हिंडून पाहायचे. त्यावरून निदान. उपचार शेवटी, आणि तोही कमीत कमी काटछाट करून. त्याला त्यांनी नाव दिले ते शस्त्रक्रियेतून घेतलेले : अवयव राखून केलेली शस्त्रक्रिया.

रुग्णांना ही कल्पना समजायला अवघड नाही. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी सरसकट संपूर्ण स्तन काढत. आता अनेक रुग्णांमध्ये गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून, किरणोपचार देऊन स्तन राखता येतो. मात्र त्यासाठी आधी तपासणी नेमकी व्हावी लागते. आजार किती पसरला आहे हे नीट ठाऊक नसेल तर कमी कापणे धोक्याचे आणि जास्त कापणे क्रूर. गेडिस शहराबद्दल हेच म्हणत होते.

त्यांचे म्हणणे भारतात का महत्त्वाचे ठरले हे समजण्यासाठी मुंबईकडे पाहावे लागेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत शहर ओस पडू लागले. घरांवर कार्बोलिकचे फवारे, छपराची कौले काढणे, सक्तीने रुग्ण हलवणे हे सगळे झाले. पुण्यात या सक्तीने काय घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, पण ते मान्य व्हायला काही वर्षे गेली. १८९८ मध्येच मुंबईत सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि रोगट म्हणून ठरवलेल्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढू लागले. पाडलेल्या चाळींतले भाडेकरू कुठे गेले? शेजारच्या चाळींत. एडिंबरात घडले तेच इथेही घडले.

पायी हिंडलेला भारत

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस भारतात आले. वय साठ. नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे त्यांचे मोठे प्रदर्शन दुसऱ्या बोटीने येत होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्रात गेला. मित्रांनी घाईने नवा संग्रह जमवून पाठवला आणि काम सुरू झाले.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी मद्रास इलाखा, मुंबई इलाखा, बडोदे, लखनौ, लाहोर, ढाका, कलकत्ता असे हिंडून गावोगावचे अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातल्या सहा गावांवरचे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये पुन्हा छापले. पहाटे उठून ते गल्ल्या तुडवत. सरकारी अभियंत्याच्या नकाशात सरळ रेघ मारून घरे पाडायची असत. गेडिस त्याच नकाशावर एकेक घर, झाड, पार, विहीर दाखवत आणि दोनतीन पडकी घरे काढली तरी वारा आणि वाट दोन्ही मिळतात हे सिद्ध करत. खर्चही त्यात फार कमी येई.

तळ्यांचा प्रश्न घ्या. हिवतापाच्या भीतीने गावोगावची तळी बुजवण्याचा सपाटा तेव्हा चालू होता. गेडिस म्हणत, तळे बुजवू नका, त्यात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. आपल्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रातून मिळणारे गप्पी मासे ज्यांनी हौदात सोडले आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. सगळेच त्यांचे म्हणणे मात्र मी मान्य करणार नाही. मैला आणि सांडपाणी बागांना घालावे, खर्चिक भुयारी गटारांचा हव्यास नको, असे ते सांगत. झाडांना खत मिळते हे खरे. परंतु प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यावर वाढलेल्या पालेभाज्यांतून जंत, टायफॉइड आणि कावीळ घरात येते. भाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवून, नीट शिजवून खावी हे आम्ही सांगतो त्यामागे हेच कारण आहे.

१९१७ हे वर्ष त्यांच्यावर कोसळले. थोरला मुलगा अ‍ॅलॅस्डेअर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ती बातमी आली तेव्हा अ‍ॅनाबाई टायफॉइडने भारतातच अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी त्यांना काही सांगितले नाही. मुलाची आधीची पत्रे तो जिवंत असल्यासारखी ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये अ‍ॅनाबाई गेल्या, मुलगा गेल्याचे न कळता. टायफॉइडवर खात्रीचे औषध मिळायला अजून तीस वर्षे होती. शुश्रूषा आणि पातळ आहार एवढ्यावरच रुग्ण सोडलेला असे, आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याचा धोका असे. आज ताप असताना रक्ताची तपासणी करून योग्य प्रतिजैविक पूर्ण मुदतीचे घेतले तर बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि लसही आहे.

रुग्णापासून वाईट बातमी लपवावी का, हा प्रश्न घरोघरी येतो. गेडिस यांनी केले ते बरोबर की चूक, याचा निवाडा बाहेरच्या माणसाने करू नये असे मला वाटते.

इंदूरची दिवाळी

पत्नीच्या मृत्यूनंतर ते पुन्हा कामाला लागले, आणि त्यांचा भारतातला सर्वांत मोठा अहवाल त्यानंतरचा आहे. होळकरांच्या इंदूर संस्थानाने त्यांना बोलावले. मराठी दरबार, मराठी बोलणारी कुटुंबे, गिरण्या, आणि दरवर्षी प्लेग. १९१८ मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालाचे दोन खंड आहेत. त्यात नदीचे घाट, गिरणी कामगारांची घरे, हिवताप, प्लेग यांच्याबरोबर मध्य भारतासाठी विद्यापीठ कसे असावे यावरही सविस्तर विवेचन आहे. शहराची दुखणी आणि विद्यापीठाचे अभ्यास एकाच अहवालात यावेत यातच त्यांचा स्वभाव दिसतो.

तिथली एक हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. सुरुवातीला लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. नकाशा घेऊन हिंडणारा साहेब म्हणजे घर पाडणारा, असाच अनुभव होता. गेडिस यांनी दरबाराकडून एक दिवसाचे अधिकार मागून घेतले आणि जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. जो मोहल्ला आपली घरे आणि गल्ली सर्वांत स्वच्छ करील तिथून ती जाईल. चढाओढ लागली. लोकांनी आपापली घरे रंगवली, अंगणे झाडली, उंदरांची बिळे बुजवली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा गावाबाहेर गेला.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, वाद्ये होतीच. त्यामागून घाणीचा राक्षस, प्लेगचा भलामोठा उंदीर आणि हिवतापाचा डास यांची सोंगे आली. त्यानंतर सफाई कामगार आले, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुले लावून, रंगवलेल्या गाड्यांसह, आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी त्यांचा मान राखला. शेवटी राक्षसाचे दहन झाले आणि घरोघर रोपे वाटली गेली. त्यानंतर गावात गेडिस यांच्याकडे म्हातारे साहेब म्हणून आपुलकीने पाहू लागले.

त्या मोसमात प्लेग ओसरला आणि लोकांनी त्याचे श्रेय मिरवणुकीला दिले. डॉक्टर म्हणून मी सावध राहीन. प्लेगला स्वतःचा मोसम असतो. तो चढतो आणि उतरतो. एका सफाईने साथ थांबली असे सिद्ध करता येत नाही. कचरा गेला की उंदरांचे अन्न आणि आसरा जातो, हे मात्र पक्के. साथ चालू असताना उंदीर मारण्याची घाई करू नये, हेही इथे सांगायला हवे. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे येतात. म्हणून आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. घरात किंवा गोठ्यात अचानक उंदीर मरून पडू लागले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची चर्चा झाली तेव्हा अनेकांना वाटले हा आजार इतिहासजमा झाला होता. ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ अशी लक्षणे असताना वेळेत प्रतिजैविके सुरू केली तर आज प्लेग बरा होतो.

मुंबई विद्यापीठात

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि गेडिस तिथले पहिले प्राध्यापक झाले. पासष्टीच्या माणसाला नवा विभाग उभारायला देणे धाडसाचे होते. व्याख्यानात ते दाढीतल्या दाढीत पुटपुटत, विषयांतर करत, परीक्षेला उपयोगी पडेल असे फारसे सांगत नसत. विद्यार्थ्यांनी शहर पाहावे आणि त्याची नोंद करावी हा त्यांचा आग्रह. मूळच्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाने मुंबई शहरावर लिहिलेला निबंध त्यांना पसंत पडला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली.

याच वर्षांत जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी लिहिले. ते १९२० मध्ये निघाले. जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा केला आणि १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा. रवींद्रनाथ ठाकुरांशी त्यांचा स्नेह होता, आणि धाकटा मुलगा आर्थर याने श्रीनिकेतनमध्ये ग्रामीण कामात काही काळ घालवला.

प्रकृती साथ देईना म्हणून १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. विभागाची सूत्रे घुर्ये यांच्याकडे आली आणि पुढे पस्तीस वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. भारतातल्या समाजशास्त्राची एक मोठी पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. गेडिस यांचा नागरिकशास्त्राचा, गल्लीत उतरून दुरुस्ती करण्याचा भाग मात्र मागे पडला. शहराच्या भल्यासाठी विद्यापीठाने काय करावे हा प्रश्न अभ्यासक्रमातून हळूहळू निघून गेला, याचे मला वाईट वाटते.

गेडिस फ्रान्समध्ये माँपेल्ये इथे जाऊन राहिले. तिथेही त्यांनी उजाड माळावर विद्यार्थ्यांसाठी घरे बांधायला घेतली आणि भोवती बाग केली. १९१२ मध्ये नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेल्ये इथेच त्यांचे निधन झाले. वय ७७. एडिंबरातला तो टॉवर आणि छतावरच्या आरशातून मेजावर उमटणारे शहर आजही पाहता येते. जिना सावकाश चढला तरी चालतो.